पहिल्याच वर्षी संप झालेली गिरणी

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळच्या एम्प्रेस सिटी मॉलमध्ये तुम्ही कधी गेला असाल, तर हे नाव आलं कुठून, असा प्रश्न पडलाय का? ब्रँडचं नाव असेल, असं वाटून बहुतेक जण पुढे जातात. पण या जागेवर शंभराहून जास्त वर्षं एक कापड गिरणी उभी होती. एम्प्रेस मिल. ‘जुन्या नागपुरातला’ कुणी आजोबा भेटला तर विचारा, मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक.

ही गिरणी काढली जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी. टाटा म्हटलं की आपल्याला जमशेदपूरचं पोलाद आठवतं, ताजमहाल हॉटेल आठवतं, बंगळुरूची विज्ञान संस्था आठवते. गंमत अशी, की पोलादाचा कारखाना आणि विज्ञान संस्था जमशेटजींनी डोळ्यांनी पाहिलीच नाही. ती त्यांच्या मृत्यूनंतर उभी राहिली. त्यांनी स्वतः रोजच्या रोज चालवलं, बिघडलेलं दुरुस्त केलं, त्यात चुका केल्या आणि त्या निस्तरल्या, ते सगळं कापड गिरण्यांमध्ये. आज मॅनेजमेंटच्या वर्गात ‘चेंज मॅनेजमेंट’ नावाचा पेपर असतो. तो विषय जमशेटजी नागपुरात आणि कुर्ल्यात प्रत्यक्ष शिकले. कसे, त्याची ही गोष्ट.

पंचविशीत दिवाळं

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारात शिरले. जमशेटजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकले, १८५८ मध्ये बाहेर पडले आणि वर्षभरातच त्यांना हाँगकाँगला पाठवण्यात आलं. वडिलांच्या पेढीचा चीनशी व्यापार होता. त्या काळच्या मुंबईतल्या अनेक पेढ्यांप्रमाणे त्यात कापूस होता, तशी अफूही होती. हे झाकून ठेवण्यासारखं नाही आणि विसरण्यासारखंही नाही.

मग आलं कापसाचं वेड. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत जो तो सट्टा खेळत होता. याच तेजीत जमशेटजी लंडनला निघाले. तिथे एक बँक काढायची, असा बेत होता. हातात कापसाच्या व्यवहाराचे कागद होते आणि त्या कागदांच्या जोरावर सगळं चालणार होतं. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि ते कागद रद्दी झाले. मुंबईत पेढ्या धडाधड बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही मोठा फटका बसला.

जमशेटजी तेव्हा जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांचे. परका देश, दारात सावकार. आपल्यातला कुणीही पहिलं जहाज पकडून घरी आला असता. त्यांनी उलट केलं. देणेकऱ्यांना भेटून परिस्थिती जशी होती तशी मांडली. काही लपवलं नाही. परिणाम असा झाला, की सावकारांनी या पेढीचे व्यवहार मिटवण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवलं आणि त्यासाठी महिना २० पौंड पगारही ठरवला. आपल्याच बुडालेल्या धंद्याची निरवानिरव करणारा पगारी माणूस, अशी त्यांची ती पहिली ‘नोकरी’!

पुढे आयुष्यभर एक गोष्ट त्यांच्या वागण्यात दिसत राहिली. काही बिघडलं की ते आधी त्या बिघाडाजवळ जाऊन उभे राहत.

सगळे मुंबईत, हे नागपुरात

१८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीतली एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापड गिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असं नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग लँकेशायरला जाऊन तिथल्या गिरण्या बारकाईने पाहिल्या.

परत आल्यावर त्यांनी ठरवलं, की आता स्वतःची मोठी गिरणी काढायची. ती मुंबईत निघेल, असं सगळ्यांना वाटलं. बंदर मुंबईत, पैसा मुंबईत, बाकीच्या गिरण्याही मुंबईत. जमशेटजींनी मात्र हिशोब वेगळा मांडला. कापूस पिकतो विदर्भात. तो गाड्या भरून मुंबईला न्यायचा, तिथे कापड विणायचं आणि तेच कापड परत इकडे विकायला आणायचं, हा उपद्व्याप कशासाठी? नागपूरला रेल्वे पोहोचलेली होती. जवळच वरोऱ्याला कोळसा होता. माल खपवायला बाजारपेठही आजूबाजूलाच.

१८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. जागा मिळाली ती रेल्वे स्टेशनजवळ, तेव्हाच्या जुम्मा तलावाकाठी. आपण आज त्याला शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो. जमीन दलदलीची होती. भराव टाकल्याशिवाय पायाच घालता येईना. गावातल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, म्हणाला की हा माणूस सोनं मातीत घालतोय. काही वर्षांनी त्याच सावकाराने कबूल केलं, की मातीत घातली ती मातीच होती, बाहेर मात्र सोनं निघालं. असा किस्सा टाटांच्या चरित्रांत सांगितला जातो.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. सुरुवातीला सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते.

आणि लगेच संप

इथवरची गोष्ट यशस्वी उद्योजकाच्या कुठल्याही गोष्टीसारखी आहे. पण पुढचं पान बऱ्याच वेळा गाळलं जातं. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणी कामगारांचा नोंदलेला पहिला संप म्हणून याच संपाचं नाव येतं. म्हणजे ज्या माणसाचं नाव आज कामगार कल्याणाशी जोडलं जातं, त्याच्याच गिरणीत देशातला पहिला नोंदलेला संप झाला!

अडचणी एवढ्याच नव्हत्या. सुरुवातीला यंत्रसामग्रीत काटकसर केली होती, ती अंगाशी आली. नागपूरची कोरडी, कडक हवा सुताला मानवेना. हवेत ओलावा नसला की धागा तटातटा तुटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसांची काय हालत होत असेल, ते सांगायला नको. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी होती गैरहजेरीची. गिरणीत येणारी माणसं गावाकडून आलेली. त्यांचं घड्याळ म्हणजे सूर्य आणि कॅलेंडर म्हणजे पेरणी-कापणी. हाताशी थोडे पैसे आले की माणूस घरी, सण आला की घरी, लग्नसराईत घरी. मुंबईच्या गिरण्यांत लोक रुळत चालले होते. नागपुरात गिरणी ही कल्पनाच नवी होती.

अशा वेळी मालकाकडे नेहमीचा उपाय असतो. दंड लावा, पगार कापा, नवा माणूस भरा. त्या काळात तर कारखान्यांवर कायद्याचा धाकही नव्हता. भारतातला पहिला फॅक्टरी कायदाच १८८१ चा.

जमशेटजींनी आधी माणूस शोधला. गिरणीचा व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणलं. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापड गिरणीचा त्यांना अनुभव शून्य. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘रिलेव्हंट एक्स्पीरियन्स’च्या रकान्यात काहीच नाही! पण माणसांची आणि कामाची घडी कशी बसवायची हे त्यांना ठाऊक होतं. यंत्रांचं ज्ञान असलेले ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तंत्रज्ञ सोबतीला होतेच.

माणूस टिकला तर यंत्र टिकेल

मग एकेक बदल सुरू झाला. गिरणीत हवा खेळती राहावी आणि ओलावा टिकावा यासाठी यंत्रणा बसवली गेली. आग विझवणारे स्प्रिंकलर बसवले गेले. भारतातल्या गिरण्यांत तेव्हा या गोष्टी जवळजवळ कुठेच नव्हत्या. यात दया किती आणि धंदा किती, हा प्रश्न विचारता येईल. खरं सांगायचं तर दोन्ही होतं. ओलाव्यामुळे धागा तुटायचा थांबला आणि खात्यात उभ्या असलेल्या माणसालाही श्वास घेता आला. एकाच खर्चात दोघांचं भलं होत असेल, तर तो खर्च आधी करायचा, असा हा विचार होता.

गैरहजेरीवर उपाय म्हणून बक्षिसं आली. नियमित येणाऱ्या, चांगलं काम करणाऱ्या कामगारांसाठी दरवर्षी बक्षीस समारंभ व्हायचा. रोख रक्कम, कपडे, घड्याळं, दागिने अशी बक्षिसं सगळ्यांसमोर दिली जायची. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला. १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई मिळू लागली. आपल्या देशात कामगार भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी! शिकलेल्या तरुणांना गिरणीत उमेदवारी देऊन काम शिकवायची पद्धतही त्यांनी घातली. आपण ज्याला इंटर्नशिप म्हणतो, त्याचाच हा जुना अवतार.

याचा अर्थ गिरणीत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, असं नाही. कामाचे तास लांबलचक होते, मजुरी बेताचीच होती. तो काळच तसा होता. पण कामगार टिकत नाही, तर दोष कामगाराचा की कामाच्या जागेचा, हा प्रश्न इथे विचारला गेला. उत्तराचा काही भाग तरी मालकाच्या खिशातून दिला गेला.

नवी चाती

याच काळात आणखी एक बदल झाला, तोही चांगलाच धाडसाचा. तेव्हा सूत कातायची जुनी पद्धत म्हणजे म्यूल. तिच्यात धागा आधी ओढून पिळायचा, मग थांबून गुंडाळायचा. म्यूल चालवायला कसबी माणूस लागायचा. अमेरिकेत रिंग नावाची नवी चाती निघाली होती. तिच्यात पिळणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता व्हायचं. म्हणजे वेग जास्त आणि कसब कमी. पण कापड उद्योगाची राजधानी असलेल्या लँकेशायरचा तिच्यावर विश्वास नव्हता. तिथल्या गिरण्या म्यूललाच चिकटून होत्या.

जमशेटजींनी १८८० च्या दशकात एम्प्रेसमध्ये रिंग लावून पाहिली. आधी थोड्या चात्यांवर प्रयोग केला. निकाल पाहिला. मग हळूहळू जुन्या चात्या काढून नव्या लावत गेले. ज्यांच्याकडून यंत्रं यायची, त्या इंग्रज कारखान्याने रिंग बनवायला उत्साह दाखवला नाही, तेव्हा दुसऱ्या कारखान्याकडून मागवल्या. लँकेशायरमध्ये चर्चा चालू असताना नागपूरच्या तलावाकाठी रिंग फिरत होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवं तंत्रज्ञान आलं की आपण लगेच सगळं बदलून टाकायला निघतो, नाहीतर घाबरून दार लावून घेतो. इथे दोन्ही झालं नाही. छोटा प्रयोग, मोजमाप, मग मोठं पाऊल.

कुर्ल्यातला पांढरा हत्ती

एम्प्रेस चांगली चालू लागली. इथेच थांबले असते तर नाव, पैसा, मान, काहीच कमी नव्हतं. पण १८८६ मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची बुडीत निघालेली धरमसी मिल साडेबारा लाखांना विकत घेतली. गिरणी उभारायला त्याच्या कित्येक पट खर्च झाला होता. कागदावर सौदा स्वस्त दिसत होता. नाव ठेवलं स्वदेशी मिल. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या १९ वर्षं आधी! इंग्लंडहून येणाऱ्या तलम कापडाच्या तोडीचं कापड इथे विणायचं, असं स्वप्न होतं.

पण आत शिरल्यावर कळलं, की स्वस्तात घेतलेली वस्तू महाग पडणार. यंत्रं झिजलेली, बंद पडणारी. माल खराब निघायला लागला. टाटा नावावर विश्वास ठेवून चीनला गेलेल्या सुताबद्दल तक्रारी आल्या. शेअरचा भाव घसरत गेला. टाटा यात बुडणार, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं. लंडनमध्ये विशीत जे पाहिलं होतं, तेच पुन्हा समोर उभं राहिलं. फरक एवढाच, की या वेळी आपल्या नावावर विश्वास ठेवून दुसऱ्यांनी पैसे लावले होते.

जमशेटजींनी ज्यातून कमाई होत होती ते एम्प्रेसचे स्वतःजवळचे काही शेअर विकले आणि पैसा स्वदेशीत ओतला. निकामी यंत्रं भंगारात काढली. नागपूरहून अनुभवी माणसं बोलावली. म्हणजे एम्प्रेसमध्ये कमावलेलं कुर्ल्यात लावलं. पैसा तर लावलाच, पण त्याहून महत्त्वाची होती दहा वर्षांत तयार झालेली माणसं आणि कामाची पद्धत. काही वर्षं गेली. हळूहळू माल सुधारला, गिऱ्हाईक परत आलं आणि स्वदेशी उभी राहिली.

स्वदेशी मिल घेणं ही चूक होती का? घाईने केलेला सौदा होता, एवढं तरी म्हणता येईल. पण ती कशी निस्तरली, हे पाहिलं तर पुढचे टाटा कुठून आले, ते कळतं.

जे जमलं नाही

सगळंच जमलं असंही नाही. भारतातून चीन-जपानला सूत पाठवायचं तर परदेशी जहाज कंपन्या भाडं मनमानी लावत. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले, तिथल्या एका कंपनीशी बोलणी केली आणि स्वतःची टाटा लाइन सुरू केली. मोठ्या कंपन्यांनी भाडं इतकं खाली आणलं, की टाटांच्या जहाजांना माल मिळेना. बरोबर येतो म्हणालेले व्यापारीही पाठ फिरवून स्वस्त भाड्याकडे गेले. टाटा लाइन बंद पडली. जपानी कंपनीची सेवा मात्र टिकली.

पोलादाचं स्वप्नही त्यांच्या हयातीत अर्धंच राहिलं. त्याची सुरुवातसुद्धा विदर्भातच झाली होती. १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे, असं त्यात होतं. वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला, तो पोलादासाठी उपयोगाचा निघाला नाही. सरकारच्या खाणकामाच्या अटीही जाचक होत्या. बेत बाजूला पडला, पण त्यांनी तो सोडला नाही. १८९९ मध्ये नियम सैल झाल्यावर पुन्हा हातात घेतला, १९०२ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी अमेरिकेत जाऊन पोलाद कारखाने पाहिले आणि तज्ज्ञ गाठले.

१९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद निघालं ते १९१२ मध्ये. त्याच वर्षी तिथे आठ तासांचा कामाचा दिवस लागू झाला. लागोपाठ चौदा-चौदा तास यंत्रं चालणाऱ्या जमान्यात ही फार मोठी गोष्ट होती. तो निर्णय त्यांच्या मुलाने, दोराबजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पण त्याची मुळं शोधायची तर नागपूरच्या पेन्शन फंडापर्यंत मागे यावं लागतं.

मॉलच्या पायाखाली

एम्प्रेस मिलचं पुढे काय झालं? शंभर वर्षं चालून गिरणी थकली. १९८६ मध्ये ती टाटांकडून राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. म्हणजे ज्या गिरणीने रिंग सगळ्यांच्या आधी लावली, तीसुद्धा शेवटी बदलाच्या मागे पडली. हेही या गोष्टीत यायलाच हवं. एका पिढीने केलेला बदल पुढच्या पिढीला आयता पुरत नाही.

आपल्यातले अनेक जण उद्या कुठल्या तरी कंपनीत टीम लीडर होतील, कुणी घरचा धंदा सांभाळतील, कुणी कॉलेजच्या फेस्टची कमिटी चालवतील. तिथे माणसं सोडून जातील, जुनं सॉफ्टवेअर अडून बसेल, स्वस्तात घेतलेलं काम महागात पडेल. तेव्हा जमशेटजींचं पोलाद किंवा हॉटेल फारसं उपयोगाला येणार नाही. संप झालेली, धागा तुटणारी, माणसं न टिकणारी ती नागपूरची गिरणी मात्र नक्की येईल. त्या वेळी लोक का जात आहेत, हे आधी त्यांनाच जाऊन विचारा.

आणि पुढच्या वेळी एम्प्रेस सिटीत सिनेमाला गेलात, तर मध्यांतरात जरा बाहेर येऊन तलावाकडे बघा. तिथली जमीन एकेकाळी दलदल होती.